काउंटरमागच्या माणसाचा पगार

ऑनलाइन खरेदी आली आणि कॉम्प्युटरची, इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं बसली, असं आपण सहज म्हणून जातो. दुकानदारही तेच सांगतात, आणि त्यांचं दुखणं खरं आहे. पण गेल्या पंचवीस वर्षांत या व्यवसायात जे घडलं ते एवढ्या एका कारणानं उलगडत नाही. ऑनलाइनची स्पर्धा सगळ्यांच्याच वाट्याला आली, निकाल मात्र सारखा लागला नाही. ही स्पर्धा जिथे आधी सुरू झाली त्या अमेरिकेत ‘सर्किट सिटी’ ही देशभर पसरलेली साखळी २००९ मध्ये नामशेष झाली, ‘फ्राइज इलेक्ट्रॉनिक्स’नं २०२१ मध्ये कायमचं कुलूप लावलं, ‘बेस्ट बाय’ बुडता बुडता सावरली, आणि ‘मायक्रो सेंटर’ नावाची त्यामानानं लहान साखळी आजही नवी दुकानं उघडते आहे. आपल्याकडे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या छोट्या गाळ्यांचा धंदा आटत गेला, त्याच काळात क्रोमा आणि विजय सेल्स यांच्या शाखा वाढल्या. मार सगळ्यांना सारखाच बसला, तर कोण जगलं आणि कोण गेलं हे कशावरून ठरलं? माझं उत्तर असं आहे : दुकान वस्तूबरोबर आणखी एक गोष्ट देत असतं. वस्तू हाताळून बघण्याची सोय, दोन मॉडेलांतला फरक समजावून सांगणारा माणूस, घरी नेल्यावर अडलं तर विचारायला जागा. या गोष्टींचं वेगळं बिल कधी होत नाही. त्यांचा खर्च वस्तूच्या भावातून निघत आला आहे. सल्ला एका ठिकाणी आणि वस्तू दुसऱ्या ठिकाणी घेणं गिऱ्हाइकाला सोपं झालं, तसा काउंटरमागच्या माणसाचा पगार कुठून निघणार हा प्रश्न उभा राहिला. ज्यांनी त्याचं उत्तर शोधलं ती दुकानं तगली. ज्यांनी त्या माणसालाच घरी पाठवलं ती सगळ्यांत आधी गेली.

ही अडचण इंटरनेटनं जन्माला घातलेली नाही. शिकागो विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ लेस्टर टेल्सर यांनी १९६० मध्येच एका गाजलेल्या निबंधात तिची नीट मांडणी केली होती. त्यांच्यापुढचं कोडं वेगळंच होतं. वस्तू जितकी स्वस्त विकली जाईल तितकी जास्त खपेल; मग ‘अमुक किमतीखाली विकू नका’ असा आग्रह खुद्द उत्पादक दुकानदारांना का धरतात? टेल्सर यांनी दिलेलं उत्तर असं की काही वस्तू समजावून दिल्याशिवाय विकल्या जात नाहीत. समजावून देणाऱ्या दुकानाला त्यासाठी खर्च येतो. शेजारचा दुकानदार काहीच न समजावता दोन पैसे कमी लावतो. गिऱ्हाईक पहिल्याकडे शिकतं आणि दुसऱ्याकडे विकत घेतं. काही काळानं पहिला दुकानदारही समजावणं बंद करतो, आणि मग ती वस्तू कुणाकडेच नीट खपत नाही. म्हणजे नुकसान शेवटी उत्पादकाचंही होतं. इंटरनेटनं केलं ते एवढंच की हा ‘दुसरा दुकानदार’ शेजारच्या रस्त्यावरून उठून थेट गिऱ्हाइकाच्या खिशात आला. डिसेंबर २०११ मध्ये अॅमेझॉननं अमेरिकेत एक योजना काढली होती : दुकानात जा, वस्तूची किंमत त्यांच्या अॅपवर तपासा, आणि ती वस्तू अॅमेझॉनकडून घेतलीत तर पाच टक्के, जास्तीत जास्त पाच डॉलर, सूट मिळवा. दुकानाच्या जागेचं भाडं, वीज आणि विक्रेत्याचा वेळ वापरून त्या दुकानाचंच गिऱ्हाईक पळवण्याची ही उघड व्यवस्था होती. दुकानात बघायचं आणि ऑनलाइन घ्यायचं या सवयीला ‘शोरूमिंग’ हे नाव याच सुमाराला रूढ झालं.

भावातला फरकही पूर्णपणे कार्यक्षमतेतून आलेला नव्हता, हे इथे सांगायला हवं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९२ च्या एका निकालानुसार, ज्या विक्रेत्याची एखाद्या राज्यात प्रत्यक्ष जागा किंवा माणसं नाहीत त्याच्यावर त्या राज्याचा विक्रीकर वसूल करण्याची सक्ती नव्हती. निकाल लागला तेव्हा डोळ्यांपुढे टपालानं माल विकणारे व्यापारी होते; फायदा पुढे ऑनलाइन कंपन्यांनी उचलला. कायद्यानं तो कर गिऱ्हाइकानं स्वतःहून भरायचा असे, पण तो कोण भरतो? हजार डॉलरच्या लॅपटॉपवर सत्तर-ऐंशी डॉलरांचा फरक निव्वळ करामुळे पडे, आणि या धंद्यात निव्वळ नफा किती बारीक असतो हे ज्याला माहीत आहे त्याला या आकड्याचं वजन कळेल. ही तफावत साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर या खटल्यात २१ जून २०१८ रोजी लागलेल्या निकालानं मिटली. तोवर पंचवीसहून अधिक वर्षं गेली होती. मोठ्या ऑनलाइन कंपन्या त्याआधीच बऱ्याच राज्यांत कर घेऊ लागल्या होत्या, पण दुकानांचे सगळ्यांत पडझडीचे दिवसही ही तफावत असतानाचेच होते.

तरीही सर्किट सिटीचा इतिहास वाचताना फक्त करावर आणि अॅमेझॉनवर बोट ठेवता येत नाही. १९४९ मध्ये व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरात टीव्हीच्या एका दुकानापासून सुरू झालेल्या या कंपनीची ताकद तिचे कमिशनवर काम करणारे विक्रेते होते. टीव्ही, स्टिरिओ, कॅमेरा यांची खडान्‌खडा माहिती असलेली ही माणसं वर्षानुवर्षं एकाच विभागात उभी राहत. २००३ मध्ये कंपनीनं कमिशनची पद्धत मोडीत काढली आणि सुमारे ३,९०० विक्रेत्यांना काढून टाकलं. पुन्हा मार्च २००७ मध्ये जवळपास ३,४०० जणांना नारळ दिला. त्यांचं काम वाईट आहे असं कंपनीचंही म्हणणं नव्हतं. बाजारात ज्या पगाराला माणूस मिळतो त्यापेक्षा त्यांचा पगार जास्त आहे, एवढाच त्यांचा दोष. त्यांच्या जागी कमी पगाराची नवी माणसं घेतली गेली. नोव्हेंबर २००८ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला आणि जानेवारी २००९ मध्ये उरलेली ५६७ दुकानं बंद करण्याचं जाहीर केलं. सुमारे ३४,००० माणसांची नोकरी गेली. याला आणखीही कारणं होती. फ्रिज आणि वॉशिंग मशीनची विक्री कंपनीनं २००० साली स्वतःहून सोडली होती, आणि २००८ च्या आर्थिक संकटात मालाचे पुरवठादार उधारी द्यायला तयार नव्हते. शिवाय तिची प्रतिस्पर्धी बेस्ट बाय हिनं तर १९८९ मध्येच कमिशन बंद केलं होतं आणि तरी ती वाढत गेली, असंही कुणी दाखवून देईल. ते बरोबरच आहे, आणि म्हणून कमिशन हवं की पगार हा माझा मुद्दा नाही. ऑनलाइन दुकानाकडे नसलेली एकच गोष्ट सर्किट सिटीकडे होती, ती म्हणजे जाणती माणसं. तीच तिनं खर्च वाचवण्यासाठी विकून टाकली. त्यानंतर गिऱ्हाइकानं घराबाहेर पडून तिथे जावं याला कारण उरलं नाही.

फ्राइजचं दुःख निराळं. १९८५ मध्ये सिलिकॉन व्हॅलीतल्या सनीव्हेल गावात निघालेलं हे दुकान कॉम्प्युटरच्या चिपा आणि खायच्या बटाट्याच्या चिपा एकाच छपराखाली विकत असे, कारण रात्रभर जागून यंत्रं जुळवणाऱ्या इंजिनिअरांना दोन्ही लागत. पुढच्या दुकानांच्या सजावटी तर तिथल्या लोकांच्या तोंडी असत : कुठे माया संस्कृतीचं मंदिर, कुठे भिंतीत घुसलेली उडती तबकडी. पण २०१९ च्या सुमारास तिथल्या फळ्या रिकाम्या दिसू लागल्या. कंपनीला पुरवठादारांकडून माल विकत घेण्याऐवजी ‘आमच्याकडे ठेवा, खपला की पैसे देऊ’ या पद्धतीवर जायचं होतं, आणि पुरवठादारांना ते मान्य नव्हतं. हवा तो भाग या क्षणी हातात मिळेल, ही एकच खात्री फ्राइजकडे गिऱ्हाइकाला ओढत होती. फळ्या रिकाम्या झाल्या तशी ती खात्री गेली. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी सगळी दुकानं एकदम बंद झाली. रेडिओ शॅकचा शेवट याहून संथ होता. १९२१ मध्ये बोस्टनला सुरू झालेल्या या कंपनीनं १९७७ मध्ये टीआरएस-८० हा घरगुती कॉम्प्युटर ५९९ डॉलर ९५ सेंटला बाजारात आणला आणि हजारो अमेरिकन घरांत पहिला कॉम्प्युटर पोचवला. रेझिस्टर, कपॅसिटर, सोल्डरिंगची तार घेण्याचं ते हक्काचं ठिकाण होतं. पुढे मोबाइल कंपन्यांच्या जोडण्या विकून मिळणारा पैसा सोपा वाटू लागला, तसे सुटे भाग दुकानाच्या मागच्या कोपऱ्यातल्या ड्रॉवरांत सरकले. त्याच मोबाइलनं कॅमेरा, कॅल्क्युलेटर, टेपरेकॉर्डर, घड्याळ, रेडिओ अशा रेडिओ शॅकच्या निम्म्याअधिक वस्तू गिळून टाकल्या. २०१५ मध्ये आणि परत २०१७ मध्ये कंपनीनं दिवाळं जाहीर केलं. दुकानांच्या ऱ्हासाचं हे दुसरं कारण ऑनलाइनच्या गदारोळात विसरलं जातं : विकायच्या वस्तूंची संख्याच घटली, आणि उरल्या त्या बंद डबीसारख्या झाल्या. ज्यात काही जोडता येत नाही, बदलता येत नाही, तिच्याबद्दल सल्ला तरी कसला द्यायचा?

आता जी जगली त्यांच्याकडे वळू. २०१२ मध्ये बेस्ट बाय तोट्यात होती आणि तिचे दिवस भरले असं बहुतेक जाणकार धरून चालले होते. सप्टेंबरमध्ये ह्युबर्ट जोली हे फ्रेंच गृहस्थ प्रमुख म्हणून आले. किरकोळ विक्रीचा त्यांना अनुभव नव्हता. त्यांनी पहिलं काम केलं ते ऑनलाइन भावाशी भाव जुळवण्याचं. गिऱ्हाईक दुकानात येतंच आहे, तर मग त्याला रिकाम्या हातानं का जाऊ द्यायचं, हा साधा हिशेब. दुकानं हीच गोदामं ठरवून ऑनलाइन मागणीचा माल जवळच्या दुकानातून पाठवायला सुरुवात केली. पण भाव कमी केल्यावर विक्रेत्याचा पगार कुठून द्यायचा? इथे टेल्सर यांचा निबंध जणू प्रत्यक्षात उतरला. सॅमसंग, मायक्रोसॉफ्ट, सोनी यांनी बेस्ट बायच्या दुकानांत आपापले कोपरे उभारले, त्याचा खर्च सोसला. आपला हजार डॉलरचा टीव्ही लोकांनी एकदा डोळ्यांनी बघावा, ही गरज बेस्ट बायइतकीच सॅमसंगचीही होती. देशभर अशी जागा देणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं, आणि हीच बेस्ट बायची खरी ताकद ठरली. शिवाय २००२ मध्ये विकत घेतलेली ‘गीक स्क्वाड’ ही दुरुस्ती-सेवा हाताशी होती, जिथे ज्ञानाचं थेट बिल होतं. मायक्रो सेंटरनं तिसरा मार्ग घेतला. रेडिओ शॅकमधून बाहेर पडलेल्या दोघांनी १९७९ मध्ये ओहायोतल्या कोलंबस इथे सुरू केलेली ही साखळी प्रोसेसर अत्यंत कमी भावात देते, पण अट एक : तो दुकानात येऊनच घ्यायचा, आणि प्रत्येकी ठरावीकच मिळणार. प्रोसेसरसाठी आलेला माणूस मदरबोर्ड, रॅम, कॅबिनेट, पंखे बघतो. कमिशनवर काम करणारा, स्वतः यंत्रं जुळवणारा विक्रेता त्याला कशाला काय चालतं ते सांगतो. आणि नफा त्या बाकीच्या मालातून निघतो. दुकानं जेमतेम तीस. जागेचा करार संपल्यामुळे २०१२ मध्ये बंद पडलेलं सांता क्लाराचं दुकान २०२५ मध्ये त्याच शहरात परत उघडलं. फ्राइज गेल्यावर चार वर्षं सिलिकॉन व्हॅलीतच कॉम्प्युटरचे भाग हातात घेऊन बघण्याजोगं मोठं दुकान नव्हतं, ही उणीव त्यानं भरून काढली.

भारतातली गोष्ट याच धाग्यानं वाचता येते, फक्त इथे पगार देणारे वेगळे आहेत. ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पुण्यात बुधवार पेठेतला पासोड्या विठोबाचा परिसर, दिल्लीचं नेहरू प्लेस, बंगळुरूचा एसपी रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट, या बाजारांचा सुगीचा काळ असेंबल्ड कॉम्प्युटरचा होता. गिऱ्हाईक यादी घेऊन यायचं, दुकानदार बजेट विचारून त्या यादीत दुरुस्त्या करायचा, कॅबिनेट उघडून समोर यंत्र जुळवून द्यायचा. प्रत्येक भागावर सुटणारा नफा नाममात्र. पण पाच-सहा भाग मिळून आणि पुढच्या वर्षभराच्या देखभालीतून गणित बसायचं. या बाजारात कच्च्या बिलाचा माल, ग्रे मार्केट आणि चोरीचं सॉफ्टवेअर यांचा वाटा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर आणि गिऱ्हाइकाला पक्क्या बिलाची गरज पडू लागल्यावर त्यातला बराच भाग तसाही टिकणार नव्हता. पण त्याच्या आधीच लॅपटॉपनं कॅबिनेट घराबाहेर काढलं होतं, आणि लॅपटॉप जुळवून देता येत नाही.

मोबाइलच्या बाबतीत आपल्या देशात एक प्रयोगच घडून गेला. २०१४ मध्ये मोटोरोला आणि शाओमी यांनी आपले फोन फक्त फ्लिपकार्टवर विकायला काढले. दुकानाचं मार्जिन वाचलं, ते भावात उतरवलं, आणि काही मिनिटांत हजारो फोन संपल्याच्या बातम्या आल्या. दुकानांची गरज संपली, असं तेव्हा गंभीरपणे बोललं गेलं. त्याच सुमारास भारतात आलेल्या ओप्पो आणि विवो यांनी अगदी उलटी वाट धरली. तालुक्याच्या गावातल्या दुकानावरही त्यांची हिरवी-निळी पाटी लागली, दुकानदाराला भरघोस मार्जिन मिळालं, काउंटरवर कंपनीच्या पगारावरचा प्रमोटर उभा राहिला. यांत शाओमीचा धडा बोलका आहे : २०१७ मध्ये बंगळुरूला पहिलं ‘मी होम’ दुकान काढून ती कंपनी स्वतःच्या पायांनी दुकानांकडे आली. देशातला मोठा खरेदीदार वर्ग फोन हातात घेऊन बघितल्याशिवाय पैसे मोजत नव्हता. दुकान हवं, पण त्याची किंमत मोजायची नाही, असं केलं तर काय होतं तेही दिसलं. ऑनलाइन विक्रीतून वाढलेल्या वनप्लसचे फोन १ मे २०२४ पासून विकणार नाही, असं दक्षिणेतल्या दुकानदारांच्या संघटनेनं जाहीर केलं. त्यांच्या तक्रारींत सगळ्यांत ठळक होती ती अपुऱ्या मार्जिनची.

दुसरा पगारदाता म्हणजे कर्ज देणारी कंपनी. मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानात गेलात तर फ्रिजच्या रांगेइतकंच गजबजलेलं ठिकाण ईएमआयचं टेबल असतं. पुण्याच्या बजाज फायनान्सनं हा व्यवहार घडवला. आधारकार्ड, बँकेचा तपशील, दहा-पंधरा मिनिटं, आणि क्रेडिट कार्ड नसलेला माणूस टीव्ही घेऊन घरी. ‘नो कॉस्ट’ म्हणवणाऱ्या हप्त्यातलं व्याज बहुधा उत्पादक आणि दुकानदार मिळून भरतात, म्हणजे इथेही दुकानाच्या काउंटरची किंमत उत्पादकच उचलतो. ऑनलाइनवरही हप्ते मिळतात, पण ज्याचा कर्जाचा इतिहासच नाही त्याला समोर बसून फॉर्म भरून देणारा माणूस लागतो. या धंद्यात सगळं आलबेल नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बजाज फायनान्सला डिजिटल कर्जाच्या नियमांचं पालन न केल्याबद्दल दोन प्रकारची कर्जं देण्यास मनाई केली होती; ती मे २०२४ मध्ये उठली. गिऱ्हाइकाला न झेपणारं कर्ज गळ्यात मारून टिकलेलं दुकान, हे टिकणं मला मान्य नाही. पण त्या टेबलाशिवाय आज कित्येक शोरूमचे हिशेब जुळणार नाहीत, ही वस्तुस्थिती आहे.

आता या सगळ्या मांडणीवरचा सर्वांत कडवा आक्षेप. ज्या सल्ल्याचा एवढा कैवार घेतला तो मुळात निखळ होता का? कमिशनवाला विक्रेता जास्त कमिशनचा माल पुढे करतो; आता तर त्याचा पगार थेट कंपनी देते, म्हणजे तो सल्लागार नसून त्या कंपनीचा माणूस आहे. शिवाय ऑनलाइनवर शेकडो लोकांचे अभिप्राय वाचता येतात, यूट्यूबवर तासभराची परीक्षणं आहेत. आक्षेपाचा पहिला अर्धा भाग मी पूर्ण मान्य करतो, आणि दुकानं ज्या रीतीनं वाचली तिचा हाच सर्वांत मोठा तोटा मानतो. उत्पादकानं पगार दिला की दुकानाचं रूप सात कंपन्यांच्या सात टपऱ्यांचं होतं. प्रत्येक जण आपलंच रेटतो, आणि सातांची तुलना करून ‘तुमच्या कामाला हा पुरेसा आहे, महागडा घेऊ नका’ असं सांगणारा उरत नाही. दुसरा अर्धा भाग मात्र पटत नाही. अभिप्राय विकत घेतले जातात, आणि परीक्षकांपैकी अनेकांना यंत्रं कंपन्याच पुरवतात. तिथेही पगाराचा प्रश्न सुटलेला नाही, तो फक्त दिसेनासा झाला आहे. दुकानदारावर निदान एक वचक असतो. त्याला रोज त्याच जागी शटर उघडायचं असतं, आणि फसवलं गेलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी समोर उभं राहू शकतं.

दुसरा आक्षेप माझ्या दृष्टीनं अधिक वजनदार आहे. दुकानांचा हा बाजार होता कुणासाठी? मुंबई-पुण्यात राहणाऱ्यांसाठी. गडचिरोलीतल्या किंवा सावंतवाडीतल्या मुलाला आर्डुइनोचा बोर्ड किंवा एखादा सेन्सर हवा असेल तर पूर्वी कुणी शहरात जाणारा गाठावा लागे. आज तो चार दिवसांत घरपोच येतो. ऑनलाइन विक्रीनं ही जी समानता आणली ती खरी आहे, आणि दुकानांच्या प्रेमापोटी तिला कमी लेखणं हा शहरी माणसाचा स्वार्थ ठरेल. म्हणून परदेशी भांडवल घेतलेल्या ऑनलाइन बाजारांना रोखण्याची मागणी मला अपुरी वाटते. नियम झालेले आहेत : ज्या विक्रेत्यात बाजार चालवणाऱ्या कंपनीची मालकी आहे त्याला त्या बाजारात विकण्यास, आणि ‘फक्त आमच्याकडेच विका’ अशा सक्तीस मनाई करणारे नियम १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू आहेत, आणि स्पर्धा आयोगानं जानेवारी २०२० मध्ये अॅमेझॉन आणि फ्लिपकार्टच्या चौकशीचा आदेश दिला. हे नियम काटेकोरपणे पाळले जावेत, याबद्दल दुमत नाही. बाहेरच्या पैशानं तोटा सोसून भाव पाडणं ही निकोप स्पर्धा म्हणता येणार नाही. पण उद्या भाव अगदी सारखे झाले तरी लॅमिंग्टन रोडच्या गाळ्यातल्या माणसाचा पगार आपोआप सुटत नाही. अमेरिकेत करातली तफावत २०१८ मध्ये मिटली, आणि फ्राइज त्यानंतर तीन वर्षांच्या आतच गेलं.

काळजी आहे ती नेमकी या गाळ्यांची. शोरूमला सॅमसंग सांभाळेल, मोबाइलच्या काउंटरला विवो सांभाळेल, ईएमआयच्या टेबलाला वित्त कंपनी सांभाळेल. पाच रुपयांचा कपॅसिटर देताना ‘हा नको, याचं व्होल्टेज कमी पडेल, तो घे’ असं सांगणाऱ्या दुकानदाराला कोण सांभाळणार? त्याच्यामागे कुठलीही मोठी कंपनी उभी राहणार नाही, कारण तो जे विकतो त्यामुळे जुनं यंत्र आणखी चार वर्षं चालतं, आणि नवं खपत नाही. चीनमधल्या शेनझेन शहराचा हुआचियांगबेई बाजार सुट्या भागांवर चालतो, कारण त्याच्या भोवती कारखाने आहेत. आपल्याकडच्या या दुकानांना तेवढा आधार गल्लोगल्लीच्या दुरुस्ती कारागिरांचा आणि इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांचा आहे. म्हणून त्यांचं जगणं दुरुस्तीच्या जगण्याशी बांधलेलं आहे. दुरुस्तीत ज्ञानाचं बिल करता येतं, गीक स्क्वाडनं ते मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं. आपल्याकडे मात्र ‘नुसतं उघडून बघितलं, त्याचे कसले पैसे?’ ही वृत्ती घट्ट आहे. तपासणीची फी द्यायला आपण डॉक्टरकडे कुरकुरत नाही, पण मदरबोर्डवरचा बिघाड शोधण्यात अर्धा दिवस घालवणाऱ्या कारागिराकडे कुरकुरतो, आणि हे बदललं नाही तर त्या कारागिराला पर्याय म्हणून उरतं ते विनाकारण भाग बदलून त्यातून मजुरी काढणं.

पण गिऱ्हाइकानं फी दिली तरी भाग आणि माहिती मिळायला हवी. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एक पोर्टल सुरू केलं, ज्यावर कंपन्या दुरुस्तीची माहिती आणि सर्व्हिस सेंटरांचे पत्ते देऊ शकतात. देऊ शकतात, द्यायलाच हव्यात असं नाही. अमेरिकेत न्यूयॉर्कसारख्या काही राज्यांनी आणि युरोपीय संघानं याबाबत कायदे केले आहेत. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक लॅपटॉप-मोबाइलचे भाग ठरावीक वर्षं उपलब्ध असावेत, त्यांचे सर्किटचे नकाशे मिळावेत, आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरला ज्या भावात भाग मिळतो त्याच भावात तो बुधवार पेठेतल्या दुकानालाही मिळावा, असं बंधन घालणारा कायदा झाला तर या गाळ्यांना सवलतींच्या लढाईत उतरण्याची गरजच पडणार नाही. व्यापारी संघटनांचा मुख्य जोर आजवर ऑनलाइन सवलतींविरुद्धच्या तक्रारींवर राहिला आहे. भाग आणि नकाशे मिळवून देणाऱ्या या कायद्याची मागणी त्यांनी ग्राहक संघटनांना बरोबर घेऊन लावून धरावी. त्यात दुकानदार, कारागीर आणि गिऱ्हाईक या तिघांचंही हित एकाच बाजूला आहे, आणि असा विषय या क्षेत्रात दुसरा नाही.